एम.ए., मानवी हक्क आणि आमची लिफ्ट

तर झालं असं, की दोन वर्षांपूर्वी नोकरी सांभाळून एम.ए.ला नाव घातलं. विषय: मानवी हक्कांचं राजकारण आणि समाजशास्त्र. ऑफिसमधल्या मित्राचा पहिला प्रश्न, "त्याने पॅकेज वाढतं का रे?" नाही वाढत. असो.

मला वाटलं होतं कायदे वाचायचे असतील. १९४८ चा जागतिक जाहीरनामा, आपली राज्यघटना. म्हणजे स्पेसिफिकेशन वाचलं की झालं काम! जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'ऑल मेन' न लिहिता 'ऑल ह्युमन बीइंग्ज' लिहा, हा आग्रह भारताच्या हंसा मेहतांचा, हे वाचून छातीही फुगली. पण मॅडम म्हणाल्या, "कागदावर काय आहे ते वकील सांगतील. कागद आणि माणूस यांच्यामध्ये कोण उभं आहे, ते आपण शोधायचं."

मग त्यांनी महाड काढलं. चवदार तळं आपण शाळेत शिकलोय, मार्कही मिळवलेत. पण तारखा ओळीने लावून बघा. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव पास झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसाच ठराव केला. म्हणजे हक्क होता! तरी तळ्यावर कुणी जाऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो लोक जाऊन पाणी प्यायले, तर त्यांना मारहाण झाली. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि गावातले काही सवर्ण कोर्टात गेले. मुद्दा काय, तर तळं सार्वजनिक नाही, खाजगी मालकीचं आहे. हायकोर्टाचा निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं.

हे 'खाजगी मालकीचं' माझ्या डोक्यात अडकून बसलं. कारण कुठेतरी ऐकलेलं होतं. कुठे? आमच्याच सोसायटीच्या मीटिंगमध्ये :)

आमच्याकडे दोन लिफ्ट आहेत. एकीवर पाटी आहे, 'फक्त रहिवाशांसाठी'. घरकामाला येणाऱ्या बायकांनी मागची सर्व्हिस लिफ्ट वापरायची, जी महिन्यातून आठ दिवस बंद असते. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी विचारलं होतं, हे बरोबर आहे का? उत्तर मिळालं, "आपली प्रॉपर्टी आहे, आपण ठरवू." सकाळी गर्दी होते हे कारणही होतंच. ठराव पास झाला. हात वर करणाऱ्यांत मी होतो. खरं सांगायचं तर विचारच केला नव्हता, मॅच सुरू होणार होती.

प्रबंधासाठी मी हीच लिफ्ट घेतली. आमच्याकडे येणाऱ्या मावशींशी बोललो. सर्व्हिस लिफ्ट बंद असली की त्या सात मजले चढतात, दिवसातून तीन वेळा, वेगवेगळ्या घरांसाठी. गुडघे दुखतात. मी उत्साहाने म्हणालो, "मावशी, हे सगळं मी लिहिणार आहे."

त्या जरा थांबल्या. "लिहा दादा, पण माझं नाव नका घालू. चार घरं आहेत, जातील. आणि त्या मीटिंगला तुम्ही पण होता ना?"

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २०११ चा, त्याला भारताने अजून मंजुरी दिलेली नाही. हे सगळं मी प्रबंधात व्यवस्थित लिहिलंय. पण कागद आणि मावशी यांच्यामध्ये उभा असलेला माणूस शोधत गेलो, तर तो बनियनवर, रिमोट हातात घेऊन बसलेला निघाला.

पुढच्या रविवारी वार्षिक सभा आहे. पाटी काढण्याचा ठराव मी दिलाय. मावशींचं नाव कुठेही नाही, मुद्दा माझ्या नावावर आहे. अनुमोदनासाठी आठ दारं वाजवली, दोघांनी सही केली. एका काकांनी हसत विचारलं, "काय रे, अभ्यासक्रमात आहे का हे?"

आहे म्हटलं.