जीपमधली जपमाळ

आमच्या घरी लांबच्या प्रवासाला निघालं की गाडी गेटबाहेर पडायच्या आत जपमाळ सुरू होते. यात विशेष काही नाही, बऱ्याच कॅथलिक घरांत होते. विशेष एवढंच की आमच्याकडे ती ओरडून म्हणावी लागायची. कारण आमची गाडी म्हणजे डॅडींची जुनी डिझेल जीप. फोर व्हील ड्राइव्ह, मागे पत्र्याचं टप बसवलेलं, वयानं माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. आजी मागच्या बाकावर बसून 'नमो मरिया'चा पहिला अर्धा भाग म्हणायची, दुसरा आम्ही सगळे मिळून. चढ आला की डॅडी गियर खाली घ्यायचे आणि आजी आवाज वर. चोर्ला घाट उतरेपर्यंत सगळ्यांचे घसे बसलेले. लहानपणी मला खरंच वाटायचं की पवित्र मारियेला जरा कमी ऐकू येत असणार.

जीप विकायचा विषय आमच्याकडे निघत नाही. डॅडी पंप दुरुस्त करतात, विहिरीतले आणि बोअरचे. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, जून ते सप्टेंबर ते ज्या वाटांनी जातात त्यांना रस्ता म्हणायचं ते फक्त उन्हाळ्यातल्या आठवणीवर. तिथं चारही चाकं ओढणारी गाडीच लागते. आवाजाचं काय, तर जीप ही मुळात लढाईसाठी काढलेली गाडी. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्डनं मिळून अमेरिकी सैन्यासाठी सहा लाखांच्या वर जीपा बनवल्या. आपल्याकडे १९४७ पासून महिंद्रानं त्या जोडायला घेतल्या. सपाट पत्रे, उघडं अंग, कुठंही बसून दुरुस्त करता यावी अशी रचना. आत बसलेल्यांनी एकमेकांशी बोलावं ही अपेक्षाच त्यात नाही.

माझं कारण मात्र तेच होतं. शनिवारी डॅडी मला बेळगावहून घ्यायला येतात. पाऊण तास आम्ही शेजारी शेजारी बसतो आणि बोलणं काय, तर "काय?" "काही नाही." गेल्या वर्षी एकदा मी धीर करून सांगितलं, की मला बी.एड. करायचं नाही, एम.ए. करायचंय. डॅडींनी मान हलवली आणि म्हणाले, "आणलंय की, मागच्या डब्यात हाय." मी एम.ए. म्हटलं होतं. त्यांना एम-सील ऐकू आलं होतं.

तर एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या आणि मी जीप गप्प करायचं ठरवलं. मे अखेरीला म्हापशाला आतेबहिणीचं लग्न होतं. तोवर महिना हातात होता. डॅडींना कल्पना आवडली नाही. "आवाज बंद केलास तर गाडी बोलणार कशी माझ्याशी?" त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ते मशीन कानानं तपासतात. चालू मोटरवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि बेअरिंग गेलंय की नाही ते सांगायचं. लहानपणापासून मी हे डॉक्टर बघावा तसं बघत आले आहे.

पहिल्या दिवशी आम्ही फक्त सीटा आणि तळाचं जुनं तागाचं कार्पेट काढलं. कार्पेट कसलं, ओला गोणपाटच. खाली भुईमुगाच्या शेंगा, तीन नटबोल्ट, आजीच्या कधीतरी तुटलेल्या जपमाळेचे मणी आणि गंजून चाळण झालेला पत्रा. डॅडी बराच वेळ त्या भोकातून खालची जमीन बघत राहिले. दोन ठिकाणी वेल्डिंग करून ठिगळ लावावं लागलं. मग तारेचा ब्रश, मग लाल ऑक्साइड. आठवडा यातच गेला आणि आवाज तर एक कणभरही कमी झालेला नव्हता.

मला तोवर एवढं कळलं होतं की आवाज दोन वाटांनी आत येतो. एक पत्र्यातून: इंजिन थरथरतं, चासी थरथरते, तिच्यावरचे सपाट पत्रे ढोलासारखे वाजतात. दुसरी हवेतून, भोकांमधून आणि फटींमधून. पहिल्या वाटेसाठी पत्र्याची थरथर मारायची. दुसरीसाठी भोकं बुजवायची आणि मध्ये काहीतरी जड आडवं घालायचं. हलकं आणि मऊ भरून भागत नाही. धाकटा भाऊ उत्साहानं अंड्यांचे ट्रे गोळा करून आला होता. त्यानं खोलीतला घुमारा थोडा कमी होईलही, पण बाहेरचा आवाज आत यायचा थांबत नाही, आणि इंजिनाला लागून वाळका कागद कोण ठेवणार? ट्रे परत कोंबड्यांच्या शेडमध्ये गेले.

भोकं शोधायची युक्ती मम्मीची. रात्री अंगणातला दिवा बंद करून ती बॉनेट उघडून टॉर्च घेऊन उभी राहिली आणि मी आत, पेडलांच्या खाली डोकं घालून. जिथून उजेड येतो तिथून आवाज येतो. इंजिन आणि आपले पाय यांच्या मधल्या पत्र्यात मला अकरा चांदण्या दिसल्या. वायरींची भोकं, स्टिअरिंगच्या रॉडची फट, क्लचची फट, कधीकाळी काढून टाकलेल्या कशाच्या तरी बोल्टची दोन. गियरच्या दांड्यांभोवतीचं रबर तर फाटून लोंबत होतं. फोर-बाय-फोरच्या गियरची ती किर्र ओरड सरळ त्यातूनच वर यायची. ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून नवीन बूट डॅडींनीच शिवला. तिथून त्यांना कामात रस आला असावा.

पत्र्यासाठी मी अ‍ॅल्युमिनियमची पाठ असलेली ब्यूटाइल रबराची डॅम्पिंग शीट मागवली होती, दोन मिलिमीटर जाडीची. किंमत बघून डॅडी गप्पच झाले, आणि दुसऱ्या दिवशी स्लॅबला लावायचा डांबरी रोल स्वस्तात घेऊन आले. एक तुकडा चिकटवून दुपारभर उन्हात ठेवला. संध्याकाळी दार उघडलं तर आत नुकत्याच केलेल्या रस्त्याचा वास आणि तुकडा खाली सरकलेला. रोल अजून माळ्यावर आहे.

ब्यूटाइल शीट सगळा पत्रा झाकून लावायची गरज नसते. मोठ्या सपाट भागाच्या मध्यावर पाव-तीस टक्के लावली तरी पुष्कळ फरक पडतो. बोटाच्या पेरानं वाजवून बघायचं. आधी 'ठण' यायचं, शीट दाबून रोलर फिरवला की 'ठप'. हे इतकं समाधानाचं काम आहे की मी टपाच्या आतल्या बाजूला, पंख्यांवर, दारांत, सगळीकडे ठणठण वाजवत फिरले. अ‍ॅल्युमिनियमची कड मात्र ब्लेडसारखी असते. माझ्या बोटांना पाच पट्ट्या होत्या आणि सुरवातीच्या तीन दिवसांत मी हातमोजे का घातले नाहीत याला उत्तर नाही. शीट गरम करायला मम्मीचा हेअर ड्रायर घेतला होता, पण एप्रिलच्या उन्हात त्याची गरज पडली नाही.

त्यावर काळा नायट्राइल रबराचा फोम, एसीच्या पाइपांना गुंडाळतात तो. साधा स्पंज घालायचा नाही, तो पाणी धरतो, आणि आमच्या पावसात धरलेलं पाणी म्हणजे पुढच्या वर्षीची चाळण. आणि सगळ्यात वर जड थर. त्यासाठी बाहेर मिळतो तो व्हिनाइलचा थर परवडणारा नव्हता. डॅडी म्हणाले, "गायीची मॅट घाल की." गोठ्यात जनावरांखाली घालतात ती रबराची मॅट, दोघांनी मिळून उचलावी लागते अशी. तळाच्या आकारात कापताना करवत घासून घासून गरम झाली. पण बसली ती अशी की जणू त्या जीपसाठीच केली होती.

आणि एवढं सगळं झाल्यावर खानापूरच्या मेस्त्रींनी सहज खाली वाकून बघितलं आणि विचारलं, इंजिनाखालची फाउंडेशनची रबरं कधी बदलली होती? ती दगड झाली होती, एक तर चिरलेलंच. ती बदलली, सायलेन्सरचा गळका जोड बसवून घेतला. सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक तिथं पडला. हे काम मी पहिल्यांदा करायला हवं होतं. कुणी करणार असाल तर इथून सुरू करा.

फोनवरच्या आवाज मोजायच्या अ‍ॅपचा आकडा बरोबर असेलच असं नाही, पण आधीचं आणि नंतरचं ताडून बघायला चालतो. त्याच रस्त्यावर, त्याच गियरमध्ये, ५० च्या वेगाला आधी ८९ डेसिबल दाखवायचा, आता ८१. दहा कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, म्हणजे आम्ही निम्म्याच्या जवळ आलो. चालत्या जीपमध्ये मला पहिल्यांदा इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली.

मे अखेरीला म्हापशाला निघालो. आजीनं सवयीनं जपमाळ जोरात सुरू केली आणि पहिल्याच 'नमो मरिया'ला दचकून थांबली. आवाज उगाच मोठा झाला होता. मग ती हळू म्हणू लागली, घरातल्या वेदीसमोर म्हणते तशी. आम्हीही हळू. जांबोटी मागे पडली, दुसरं रहस्य सुरू झालं, आणि माझ्या लक्षात आलं की डॅडी मागे पडतायत. आजीचं संपलं की आम्ही सुरू करायचो, आणि डॅडी आमच्यानंतर दोन-तीन शब्दांनी. आधी वाटलं वळणाकडे लक्ष असेल. पण सरळ रस्त्यावरही तसंच. एकदा तर आजीचं अर्धं व्हायच्या आतच त्यांनी उत्तर सुरू केलं, आणि आरशात आमच्याकडे बघून थांबले. भाऊ हसला. मम्मी हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

लग्नाहून आल्यावर मी डॅडींच्या मदतनिसाला गाठलं. तो आधी काही बोलेना. मग म्हणाला, "दोन वर्सं झाली की ताई. बेअरिंगची बारीक शिट्टी मालकांना येत न्हाई. हात ठेवून वळखतात. न्हाईतर मी सांगतो."

बेळगावात कानाच्या डॉक्टरांनी कागदावर आलेख काढून दाखवला. रेघ सुरवातीला बरी चालते आणि ४००० हर्ट्झजवळ खड्ड्यात पडते. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलेल्यांची रेघ साधारण अशीच दिसते म्हणे. शब्दांतले स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, च असली बारीक अक्षरं गळतात, म्हणून माणूस बोलतोय हे कळतं आणि काय बोलतोय ते कळत नाही. आतल्या कानातल्या त्या केसांसारख्या पेशी एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८९ ला तीन तासांच्या आसपास. डॅडी सकाळी सातला निघतात, आणि जीपमधून उतरून पंपाशेजारी जाऊन बसतात.

सगळा दोष जीपचा नाही हे मला कळतं. पण एवढी वर्षं आम्ही सगळेच ओरडत होतो, म्हणून कुणाला काही कळलं नाही, हेही तितकंच खरं. त्यांना तर सगळं बरोबर ऐकू येत होतं, कारण आम्ही त्यांच्या कानाला पोचेल एवढ्याच आवाजात जगत होतो.

दवाखान्याच्या व्हरांड्यात, श्रवणयंत्राच्या किमतीचा कागद त्यांच्या हातात असताना, मी समोर उभी राहून, ओठ नीट हलवून, एम.ए.चं सांगितलं. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "मग जा की," म्हणाले. "मशीन पुढच्या वर्षी घेऊया." यावर आमचं भांडण झालं. हळू आवाजात भांडता येत नाही, त्यामुळे सगळ्या व्हरांड्याला कळलं. यंत्र जुलैमध्ये घेतलं, सध्या एकाच कानाला. जीप चालवताना ते काढून वरच्या खिशात ठेवतात.

जपमाळेचं आजीनं परस्पर ठरवून टाकलं. आता गाडीत पहिला भाग डॅडी म्हणतात आणि दुसरा आम्ही. त्यामुळे त्यांना कुणाची वाट ऐकावी लागत नाही. आपला भाग संपला की ते एकदा आरशात बघतात. आमचे ओठ हलायचे थांबले की पुढची सुरू करतात.