अक्कांचा फ्रिज

२ मे २०२४, गुरुवार
गुरुवार, त्यात स्वामी समर्थांची पुण्यतिथी तोंडावर. अक्कलकोटच्या वटवृक्ष मंदिराच्या रस्त्याने सायकलही निघेना. अक्कांकडे पोचायला दुपार झाली. वर बर्फाचा डोंगर, खाली दूध नासतंय. आधी येऊन गेलेल्या मेकॅनिकने "गॅस गेलाय" असं सांगितलेलं. फ्रीझरचं मागचं कव्हर काढलं. गॅस कमी असता तर कॉइलच्या एका टोकालाच बर्फ धरला असता. इथे अख्खी कॉइल पांढरीफटक. गॅस ठीक आहे, बर्फ वितळत नाहीये, म्हणून गार हवेची खालची वाट बंद झाली.

फ्रिजच्या दारात अण्णांचं इन्सुलिन होतं. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत राहायला हवी. बाहेर पारा चाळिशीपार. ती शेजारच्या फ्रिजमध्ये ठेवायला लावली, आणि गरम झालेली कुपी वापरायची का, हे आधी डॉक्टरांना विचारा म्हटलं. फ्रिज बंद करून दारं रात्रभर उघडी.

३ मे
बर्फ वितळवणारा हीटर शाबूत, फ्यूजही. राहिला डिफ्रॉस्ट सेन्सर. ग्लासात बर्फाचा चुरा, थोडं पाणी, त्यात सेन्सर बुडवला. हा २५ अंशांना दहा हजार ओहम दाखवणारा. शून्याला बत्तीस हजारांच्या आसपास जायला हवा. चौदा हजारांवरच अडकला. म्हणजे बर्फात बसूनही फ्रिजच्या कंट्रोल बोर्डाला सांगतोय, इथे सतरा अंश आहेत! बोर्ड बिचारा हीटर लावतो न लावतो तोच बंद करतो. रोज गोठून वितळून सेन्सरच्या आवरणात ओल शिरली, की असं होतं. एवढ्याशा मण्यापायी अक्कांना गॅसचे पैसे मोजावे लागणार होते, याचा फार राग येतो.

४ मे, एकादशी
सोलापूरहून सेन्सर आला. पाच हजार ओहमचा आणि दहा हजार ओहमचा दिसायला जुळे. आधी मोजला, मगच जोडला. क्लिप जुन्याच जागी. जोडावर उष्णतेने आवळणारी नळी चढवली, पाणी निथळायचं भोक साफ केलं.

६ मे, पुण्यतिथी
मधल्या कप्प्यातल्या पाण्यात थर्मामीटर ४ अंश. कॉइलवर बर्फाचा पातळ पापुद्रा, तेवढा असायचाच. डॉक्टरांच्या सांगण्यावरून अण्णांनी नवी कुपी आणली. अक्का म्हणाल्या, "जेवून जावा." गर्दीतून मंदिराकडे जायचं होतं, तरी बसलो. उद्या लोकसभेचं मतदान; ते झालं की बस स्टँडमागचा फ्रिज बघायचा, तिथेही कोणी गॅसच सांगितलाय.