इकडचा पाऊस, तिकडचा पाऊस

मंडळी, मी मूळचा साताऱ्याचा. यवतेश्वरचा घाट चढायचा, चिंब भिजायचं, वर गरम भजी खायची आणि घरी आल्यावर आईची बोलणी खात डोकं पुसायचं, हा आमचा पावसाळा. त्याच घाटात २०१२ पासून हाफ मॅरेथॉन होते, तीही पावसाळ्यातच! तेव्हा इंग्लंडच्या रिपरिप पावसाची मला कसली भीती वाटणार?

सत्तेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी 'साखर काठावर आहे' असं सांगितलं आणि मी पळायला लागलो. आधी शनिवारची पार्करन. २००४ साली लंडनच्या बुशी पार्कात तेरा जणांनी सुरू केलेली ही पाच किलोमीटरची धाव आता गावोगावी होते, आणि मुख्य म्हणजे फुकट! वर्षभरात वजन उतरलं आणि थोडी हवाही डोक्यात गेली.

गेल्या वर्षी जानेवारीतल्या एका रविवारी मी एकटाच रिव्हिंग्टन पाइकला गेलो. बोल्टनजवळची ही टेकडी उंचीला जेमतेम ३६३ मीटर, म्हणजे आपल्या अजिंक्यताऱ्यापुढे काहीच नाही. तापमान तीन अंश, पाऊस आणि वारा. अंगात शाळेच्या स्नेहसंमेलनाचा सुती टी-शर्ट, त्यावर पातळ जाकीट. चढताना इतकं गरम होत होतं की जाकिटाची चेन मी उघडीच ठेवली.

उतरताना पाय मुरगळला. फार नाही, पण पळता येईना. लंगडत चालू लागलो आणि दहा मिनिटांत सगळं चित्र पालटलं. पळताना शरीराची भट्टी पेटलेली असते. ती मंदावली की ओला सुती कपडा अंगातली ऊब शोषून घेतो, उरलेली वारा नेतो. पाणी हवेपेक्षा जवळजवळ पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून घेतं, हे मी शाळेत शिकलो होतो म्हणे! बोटं इतकी बधिर झाली की जाकिटाची चेन लावता येईना. दात वाजत होते. विशेष म्हणजे, आपल्याला काही झालंय असं मला अजिबात वाटत नव्हतं.

कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका बाईंनी मला पाहिलं. स्वतःचा कोट माझ्यावर टाकला, हाताला धरून खाली टी-रूममध्ये नेलं आणि माझ्या फोनवरून घरी फोन लावून दिला. मी म्हटलं, "मी ठीक आहे, निघतोच गाडी घेऊन."

सौ. क्षणभर गप्प. मग म्हणाली, "अहो, जीभ का अडखळतेय तुमची? त्या बाईंना फोन द्या आधी."

बाईंनी माझ्या हातून गाडीची किल्ली काढून घेतली. मला त्यांचा भयंकर राग आला होता, हे आज सांगायलाही लाज वाटते. तसा गाडी चालवत निघालो असतो तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही टाळतो.

शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. कुडकुडणं, बोबडं बोलणं, गोंधळ, चिडचिड ही त्याची लक्षणं. कुडकुडणं थांबलं आणि माणूस अजून गारच असेल तर बरं वाटतंय असं समजू नका, ते जास्त धोक्याचं. तेव्हा थेट ९९९. डोंगरात असाल तर आधी पोलीस मागायचे, मग माउंटन रेस्क्यू. आपल्याकडचे उपाय, म्हणजे हातपाय चोळणं, गरम पाण्याची आंघोळ, चमचाभर ब्रँडी, यातलं काहीही करायचं नाही. ओले कपडे काढून कोरडे घालायचे, पांघरूण गुंडाळायचं आणि पूर्ण शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्यायचा. टी-रूममध्ये माझं तेच झालं. चहात साखर तीन चमचे, आणि त्या दिवशी डॉक्टरांची आठवणसुद्धा झाली नाही.

नंतर वाचलं, ऑक्टोबर २००८ मध्ये लेक डिस्ट्रिक्टमधल्या बॉरोडेलची डोंगरी मॅरेथॉन वादळामुळे सोडून द्यावी लागली होती. शेकडो स्पर्धक बेपत्ता अशा बातम्या आल्या, पण अखेर सगळ्यांचा ठावठिकाणा लागला. दोन दिवसांची स्पर्धा, त्यामुळे जोडीजोडीने पळणाऱ्यांच्या पाठीवर तंबूपासून सगळं होतं. उलट मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या शर्यतीत अचानक गारठा आला आणि एकवीस जण गेले. पुष्कळांच्या अंगावर उन्हाळी कपडे होते.

आता सुती कपडा बाद. अंगालगत घाम बाहेर टाकणारा बनियन, वर लोकरीचा थर, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. हातमोजे, शिट्टी, प्लॅस्टिकच्या पिशवीत फोन. डिसेंबरात चारच्या आत अंधारतं, म्हणून चमकणारा पट्टा, आणि फुटपाथ नसेल तिथे समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून पळायचं. टेकडीवर एकट्याने जायचं नाही, हा मात्र सौ.चा नियम.

आईला हे सगळं सांगितलेलं नाही. तरी व्हिडिओ कॉलवर तिचा प्रश्न ठरलेला, "कानटोपी घातलीस का रे?" तिने विणलेली लाल लोकरीची टोपी भिजली तरी ऊब देते, हे मला पन्नाशीला टेकल्यावर कळलं.

बोल्टनच्या बाजूला कुणी राहत असाल तर शनिवारी सकाळी नऊला पार्करनला जरूर या. गाडीत टॉवेल आणि कोरडे मोजे तेवढे ठेवा. चहा आमच्याकडे.