कडीला बांधलेली ओढणी

छत्रपती संभाजीनगर

प्रिय सई,

तुझी कथा रात्री दोनदा वाचली. एमपीएससीच्या अभ्यासासाठी औरंगपुऱ्यात येऊन राहिलेली तुझी नायिका पहिल्या पानापासून मनात बसली. तिचं दार तीनतीनदा तपासणं, भरल्या ताटावरून उठणं, मागून हाक आली की अंग चोरणं, सगळं खरं उतरलंय. मग शेवटच्या दीड पानात तू मामाच्या घरची ती दुपार आणलीस आणि माझं मन खट्टू झालं. सगळ्याचा उलगडा झाला खरा, पण त्या उलगड्यात तुझी मुलगीच हरवली गं.

विद्यापीठाच्या वसतिगृहात माझी एक रूममेट होती. रात्री ओढणीचं एक टोक कडीला बांधायची, दुसरं मनगटाला गुंडाळून झोपायची. मला पाण्याला बाहेर जायचं असेल तर आधी तिला हळूच नावानं उठवावं लागे. काय झालं होतं ते दोन वर्षांत तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण मला पहिल्यांदा नान-खलिया खायला तीच घेऊन गेली, आणि भांडून जास्तीचा रस्सा मागितला. तिच्यावर लिहायचं झालं तर तो रस्सा मी सोडणार नाही.

आपल्या नांदेडच्या कविता महाजनांची ‘ब्र’ (२००५) पुन्हा काढ. नावच बघ, तोंडातून निघू न दिलेलं एक अक्षर! संसारातून तुटलेली प्रफुल्ला आदिवासी भागातल्या सरपंच बायांकडे जाते, आणि त्यांचं ऐकता ऐकता तिचं तोंड उघडतं. त्याच्या कितीतरी आधी, १९३३ मध्ये, ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं. शिकलेल्या, अविवाहित मुलींची घुसमट लिहिली म्हणून केवढा गहजब झाला! लेखिकेनं विभावरी शिरूरकर हे टोपणनाव घेतलं होतं. आघातानंतरच्या विकाराला अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या ग्रंथात नाव मिळालं १९८० साली, तेही बरंचसं व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे. आपल्या बायका त्याआधीपासून त्या नावावाचून लिहीत होत्या.

ती दुपार गाळ असं मी म्हणत नाही. ती आधी आण, पहिल्याच पानावर, दोन वाक्यांत. मग पुढं तिचा अभ्यास येऊ दे, राग येऊ दे, भूक येऊ दे. आणि रक्षाबंधनाला आई ‘मामाकडे येतेस ना?’ म्हणून फोन करते, तेव्हा ती काय उत्तर देते? ते तू लिहिलंच नाहीस. ते पान झालं की मला पाठव.

तुझी,
मावशी