सहावा सिलेंडर

जुनी गाडी म्हटली की ती वाटेत बंद पडणारच, असे बहुतेकांनी गृहीत धरलेले असते. "म्हातारे इंजिन, किती दिवस ढकलणार?" असे लोक आम्हाला तोंडावर विचारतात. आम्हा दोघा भावांचे पोट अशाच म्हाताऱ्या इंजिनांवर आहे. कुर्ल्यात आमचे लहानसे गॅरेज आहे. गिऱ्हाईक गाडीचे साल सांगू लागले की आम्ही त्याला आधी विचारतो, ऑईल शेवटचे कधी बदलले? पाणी कधी पाहिले? साल नंतर सांगा.

कुर्ल्याचे आणि या इंजिनांचे नाते जुने आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार झाला आणि कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. त्यांतल्या कित्येक मुंबईत 'बडी टॅक्सी' म्हणून धावल्या. आमचे वडील अशा टॅक्सींची कामे करणाऱ्या एका गॅरेजात मिस्त्री होते. शाळा सुटली की आम्ही त्यांना पाने उचलून देत असू. ती आमची दुसरी शाळा.

या गाड्यांत एका ओळीत सहा सिलेंडर असलेले पेट्रोल इंजिन असे. अमेरिकेत प्लिमथ गाडीला ते १९३३ पासून १९५९ पर्यंत बसवले गेले. आकार सुमारे साडेतीन लिटर. आपल्या ओळखीची पद्मिनी १.१ लिटरची आणि अँबॅसेडर दीड लिटरची, यावरून अंदाज यावा. वॉल्व्ह हेडमध्ये नसून सिलेंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच बसवलेले. त्यामुळे हेड म्हणजे नुसते जाड झाकण. ते उचलले की सहाही पिस्टन आणि बाराही वॉल्व्ह समोर दिसतात. सिलेंडरमधला दाबही आजच्या इंजिनांपेक्षा बराच कमी, म्हणून धातूवर ताण कमी.

सहा सिलेंडरचे आणखी एक वैशिष्ट्य. शाफ्टच्या दोन फेऱ्यांत चार सिलेंडरचे इंजिन चार वेळा जोर लावते, सहाचे सहा वेळा. शिवाय सहा पिस्टनांचे वर-खाली होणारे हिसके एकमेकांना तोलून धरतात. म्हणून इंजिन थरथरत नाही. वडील चालू इंजिनाच्या हेडवर रुपयाचे नाणे उभे करून दाखवीत. गिऱ्हाईक खूश होई. पण गिऱ्हाईक गेल्यावर वडील आम्हाला बजावीत, "नाणे उभे राहिले म्हणून फसू नका. हे इंजिन आपले दुखणे लपवते."

ते खरेच आहे. चारातला एक सिलेंडर काम करेनासा झाला तर गाडी गदगदा हलते, मालक धावत गॅरेज गाठतो. सहातला एक अशक्त झाला तर उरलेले पाच त्याचा भार वाहतात. पिकअप थोडा कमी होतो, पेट्रोल थोडे जास्त लागते. मालक म्हणतो, जुनी गाडी आहे, एवढे चालायचेच. तोवर आत वॉल्व्ह जळत असतो.

आमच्याकडे एका वृद्ध गृहस्थांची १९५४ ची डॉज किंग्जवे आहे. त्यांना आम्ही काका म्हणतो. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. दोन वर्षांपूर्वी काकांनी तक्रार सांगितली की कसारा घाटात गाडी गरम होते आणि ओढत नाही. एका ठिकाणी रेडिएटर बदलून झाला होता, गुण आला नव्हता. तिथेच त्यांना सल्ला मिळाला की हे इंजिन भंगारात द्या आणि डिझेलचे बसवा. मे महिन्यात नातीचे लग्न होते. तिला याच गाडीतून नाशिकला सासरी पाठवायची काकांची इच्छा होती. ते आम्हाला म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसे करू." असे कोणी म्हटले की झोप उडते. गाडी नवरीला घेऊन घाटात उभी राहिली असती तर काकांना काय तोंड दाखवणार होतो?

आमची पुतणी आयटीआयला मोटर मेकॅनिकचा कोर्स करते. तिला आम्ही वडिलांची जुनी पद्धत दाखवली. इंजिन चालू ठेवायचे आणि कोरड्या कापडाने, इन्सुलेशनचा चिमटा वापरून, प्लगची एकेक वायर काढायची. वायर काढल्यावर आवाज पडला तर तो सिलेंडर कमावता. पहिल्यापासून पाचव्यापर्यंत प्रत्येक वेळी आवाज पडला. सहाव्याची वायर काढली आणि काहीच फरक पडला नाही. प्रेशर मोजले. पाचांचे शंभर पौंडांच्या वर, सहाव्याचे साठसुद्धा नाही.

सहावाच का? पाणी रेडिएटरमधून पुढच्या बाजूने इंजिनात शिरते. पहिला सिलेंडर पुढे, सहावा सर्वांत मागे. गार पाणी मागेपर्यंत पोचावे म्हणून ब्लॉकच्या आत पत्र्याची एक लांब चपटी नळी असते. तिच्या खाचांतून पाणी प्रत्येक एक्झॉस्ट वॉल्व्हजवळ सोडले जाते. ही नळी गंजून फुटली की पाणी पुढेच सांडते आणि मागच्यांच्या वाट्याला कढत पाणी येते. मोठ्या कुटुंबात शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या ताटात काय उरते, हे आपल्या घरांना नव्याने सांगायला नको.

रेडिएटर आणि वॉटर पंप उतरवून नळी ओढली. तिचे तुकडेच हाती आले. मागच्या बाजूला ब्लॉकच्या अंगावरच्या पत्र्याच्या टोप्या काढल्या तर आत ओंजळभर लाल गाळ. तो धुऊन काढला. जुन्या तुकड्यांच्या मापाने पितळेच्या पत्र्याची नळी करवून घेतली, खाचा जागच्या जागी ठेवल्या. हेड उचलले, जळालेला वॉल्व्ह बदलला, बाकीचे हाताने घासून बसवले, फीलर गेजने टॅपेट लावले. नवे गॅस्केट घालून हेडचे नट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे करून आवळले. सहाव्याचे प्रेशर बाकीच्या पाचांच्या पंगतीला आले. मे महिन्याच्या उन्हात गाडी नवरीला घेऊन कसारा घाट चढून नाशिकला गेली. रात्री काकांचा फोन येईपर्यंत आम्ही दोघेही जेवलो नव्हतो.

अशी गाडी कोणाकडे असेल, किंवा कोणी अशा गाडीवर ड्रायव्हर असेल, तर चार गोष्टी सांगतो. रेडिएटरमध्ये नुसते नळाचे पाणी भरत राहू नये, गंज रोखणारे कूलंट घालावे. गाडी फार फिरली नाही तरी वर्षातून एकदा ऑईल बदलावे, कारण उभ्या गाडीच्या ऑईलमध्येही ओल जमते. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झाले, त्याची या इंजिनाला धास्ती नाही. त्याच्या एक्झॉस्ट वॉल्व्हच्या बैठका कडक पोलादाच्या आहेत. पण आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबराला सोसत नाही. पेट्रोल पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या नव्या बनावटीच्या बसवाव्यात, नाहीतर गळती होऊन आगीचा धोका. या काळच्या गाड्यांची बॅटरी ६ व्होल्टची. तिला आजच्या गाडीच्या बारीक केबल लावल्या तर स्टार्टर रडतो आणि लोक उगाच स्टार्टरला दोष देतात. केबल जाडच हवी.

आणि एक वही ठेवावी. काकांच्या गाडीत ती आम्ही ठेवली आहे. तारीख, किलोमीटर, केलेले काम आणि सहा सिलेंडरचे सहा आकडे. दर सहा महिन्यांनी पुतणी प्रेशर मोजते आणि तिच्या नीट अक्षरात लिहून ठेवते. सगळे मिस्त्री पहिल्या सिलेंडरपासून मोजायला लागतात. आमच्या गॅरेजात सहाव्यापासून सुरुवात होते.