ढकलत नेलेली गाडी

‘ला स्त्रादा’ ही प्रेमकथा आहे असं मी वर्गात म्हटलं की पोरं भांडायलाच उठतात. त्यांचंही खरं आहे. गरिबीने पिचलेली आई दहा हजार लिरा घेते आणि पोरगी एका फिरत्या कसरतवाल्याच्या हवाली करते. त्याच्याबरोबर गेलेली थोरली रोझा आधीच मेलेली. हिला तो पायांवर छडी मारत मारत ढोल वाजवायला शिकवतो. यात प्रेम कुठे आलं? पण सिनेमाचा आवाज जुळवण्यात माझी पंचवीस वर्षं गेली आहेत, आणि माझ्या कानांना ते तिथे ऐकू येतं. उशिरा येतं, पण येतं.

फेदेरिको फेलिनीचा हा चित्रपट १९५४चा. झांपानो (अँथनी क्विन) छातीला साखळी बांधतो आणि नुसत्या श्वासाच्या जोरावर तिचा आकडा तोडतो. जेल्सोमिनाच्या भूमिकेत फेलिनीची पत्नी जुलिएत्ता मासिना. दोघांना ना घर, ना गाव. एक तीनचाकी मोटारसायकल आणि मागे ताडपत्रीचं छप्पर, एवढाच संसार. चौकात थांबायचं, खेळ करायचा, टोपी फिरवायची, पुढचं गाव गाठायचं. डोंबाऱ्याचा खेळ बघत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

त्या काळी इटलीत चित्रीकरणाच्या जागचा आवाज सहसा वापरतच नसत. बोलणं, पावलं, इंजिन, सगळं मागाहून स्टुडिओत भरायचं. इटालियन आवृत्तीत क्विनच्या तोंडचा आवाजही त्याचा नाही, आर्नोल्दो फोआचा आहे. म्हणजे या चित्रपटात जे कानावर पडतं ते चुकून आलेलं नाही. कुणीतरी विचार करून ते तिथे ठेवलंय. म्हणून त्यातल्या शांततेकडेही मी तितक्याच बारकाईने बघतो.

तो पुढे हँडलवर, ती मागे छपराखाली, मध्ये इंजिनाची घरघर. दोन माणसं रात्रंदिवस बरोबर आहेत आणि बोलायची सोयच नाही. झांपानोकडे स्वतःचे असे शब्द जवळजवळ नाहीतच. साखळीच्या खेळाआधीचं एक पाठ भाषण तेवढं आहे: कच्च्या दिलाच्या मंडळींनी बघू नये, रक्त येऊ शकतं, वगैरे. तेच ते तो वर्षानुवर्षं म्हणतो. ती मात्र एका मुक्कामावर टोमॅटोचं बी पेरते. उगवायच्या आत गाडी पुढे गेलेली असणार, तरी पेरते. संसार मांडायची ही केवढी ओढ!

दोरीवर चालणारा सर्कसवाला, ज्याला सगळे ‘वेडा’ म्हणतात, तो तिला एका रात्री समजावतो की झांपानो कुत्र्यासारखा आहे. त्याला बोलावंसं वाटतं, पण भुंकण्याखेरीज काही येत नाही. कदाचित त्याचा तुझ्यावर जीव असेल. जगातल्या प्रत्येक खड्याचा काही उपयोग असतो, हे त्याचं बोलणं सगळ्यांच्या लक्षात राहतं. मला कुत्र्याचं बोलणं जास्त मोलाचं वाटतं, कारण पुढच्या सगळ्या आवाजांची किल्ली तिथे आहे.

निनो रोताने बांधलेली ती छोटीशी धून आधी या वेड्याच्या चिमुकल्या व्हायोलिनवर येते. मग जेल्सोमिना ती ट्रम्पेटवर उचलते. ढोल झांपानोने मारून शिकवला होता. ही धून तिने आपणहून घेतलेली. तिच्या मालकीची एवढी एकच गोष्ट.

पुढे झांपानोच्या हातून वेडा मरतो. मरताना तो काय म्हणतो? घड्याळ मोडलं म्हणतो. त्यानंतर जेल्सोमिना कण्हत राहते, वेड्याला बरं नाही, वेड्याला बरं नाही. झांपानोला ते सोसवत नाही. बर्फाळ जागी, उन्हाच्या तिरपेत ती झोपलेली असताना तो तिच्यावर पांघरूण घालतो, थोडे पैसे ठेवतो. ट्रम्पेट उचलून तिच्याशेजारी ठेवतो. आणि गाडी सुरू न करता ढकलत नेतो.

चित्रपटभर धडधडणारं ते इंजिन तिची झोप मोडू नये म्हणून गप्प राहतं. तो भ्याडपणे पळतोय, यात शंका नाही. पण ट्रम्पेट ठेवणारा आणि गाडी ढकलणारा हातही त्याचाच आहे. त्याला येणारी प्रेमाची भाषा एवढीच.

एका मराठी चित्रपटात नवरा बायकोला एसटी स्टँडवर सोडून निघून जातो, असा प्रसंग माझ्या वाट्याला आला होता. मी फक्त पंखा आणि लांबची एक गाडी ठेवली. निर्मात्याने त्यावर सनई चढवली. तो प्रसंग टीव्हीवर लागला की मी अजून खोलीबाहेर जातो.

चार-पाच वर्षांनी, समुद्राकाठच्या एका गावात झांपानो आइस्क्रीम खात चाललेला असतो आणि कपडे वाळत घालणारी एक अनोळखी बाई तीच धून गुणगुणते. तो थबकतो. बाई सांगते, वडिलांना एक आजारी मुलगी किनाऱ्यावर सापडली होती. बोलायची नाही, ट्रम्पेट वाजवायची, आणि एका सकाळी उठलीच नाही. वेड्याच्या व्हायोलिनपासून जेल्सोमिनाच्या ट्रम्पेटपर्यंत आणि तिथून या बाईच्या ओठांवर: एवढा वळसा घेऊन ती धून अखेर ज्याच्यासाठी होती त्याच्या कानी पोचते. त्याच संध्याकाळी सर्कशीत तो साखळीचं भाषण म्हणतो. शब्द तेच, पण आवाजात जीव नाही.

शेवटची रात्रीची समुद्रावरची पाच मिनिटं मी वर्गात पडदा झाकून ऐकवतो. पोरं डोळे मिटून बसतात. दारू प्यालेल्या माणसाची पावलं, लाटा, मग श्वास. साखळी तोडणारी तीच छाती आता धापा टाकतेय, हे न बघताही कळतं.