एका जाळीचे तीन तुकडे

मी जांघेतल्या हर्नियाची शस्त्रक्रिया शिकलो ती बॅसिनीच्या पद्धतीनं. पादुआच्या या सर्जननं १८८०च्या दशकात रूढ केलेली ही रीत: दुबळी झालेली जागा वरचे स्नायू खाली ओढून शिवून टाकायची. टाक्यांवर ताण राहायचा, पेशंट बरेच दिवस वाकून चालायचा आणि काहींचा फुगवटा परत यायचा. लॉस एंजेलिसच्या लिक्टेन्स्टाइन यांनी १९८९मध्ये हजार पेशंटांचा अनुभव छापला. त्यांचं म्हणणं एवढंच, की काही ओढूच नका, वर पॉलिप्रॉपिलीनची जाळी अंथरा. वाचायला इतकं सोपं होतं, की मला ते आलंच असं वाटलं.

तेव्हा आम्ही भिलाईत सेक्टर १०मध्ये राहायचो. क्वार्टर बायकोच्या नावावर, कारण तिथल्या पोलाद कारखान्याच्या शाळेत ती शिकवायची, मी खासगीत. माझ्याकडे येणारे बहुतेक ठेकेदाराकडचे मजूर. त्यांच्या दृष्टीनं जाळीची किंमत म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी. १५ बाय १५ सेंटिमीटरची एक जाळी कापली की दोघांना रीतसर पुरते, कारण एकाला साधारण १५ बाय साडेसात लागते. मी ती तिघांना पुरवली. पाच सेंटिमीटर रुंदीच्या तीन पट्ट्या, ऑटोक्लेव्ह करून डब्यात. गरिबांचा डॉक्टर म्हणून मनातल्या मनात पाठही थोपटून घेतली.

त्यातली एक पट्टी एका गोणी वाहणाऱ्या तरुणाला बसवली. रुंदी कमी पडतेय हे टेबलावरच दिसत होतं. शुक्ररज्जू बाहेर पडतो त्या बाजूला झाकण अपुरं वाटलं, म्हणून पट्टी जरा तिरकी सरकवली. त्यामुळे आतलं टोक जघनास्थीच्या काठाशीच संपलं. तिथं हाडाच्या पुढं दीड-दोन सेंटिमीटर जाळी जायला हवी, हे मी वाचलेलं होतं. पाठीत भूल दिलेला माणूस आडवा, निवांत असतो. पोटाचा दाब नसतो, सगळं सपाट आणि छान दिसतं. उभा राहून खोकल्यावर काय होईल, ते टेबलावर कळत नाही. सिस्टर नवी जाळी उघडू का म्हणून थांबल्या होत्या. मी म्हणालो, "राहू द्या, होतंय."

वर्षभरानं तो संध्याकाळी क्वार्टरवर आला. "डॉक्टर साब, फिर से आ गया." मी विचारलं, वजन उचललं होतंस? हमालाला हा प्रश्न विचारणं म्हणजे कमालच. तो बिचारा खाली मान घालून हो म्हणाला. केसपेपरवर मी कारण लिहिलं: जड काम.

दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा जाळी जागच्या जागी, घट्ट रुजलेली होती. फुगवटा तिच्या आतल्या टोकाशेजारून, नेमका हाडाजवळून आला होता. जुन्या व्रणात सगळं एकमेकांना चिकटलेलं. शुक्ररज्जू सोडवताना त्यातल्या रक्तवाहिन्या दुखावल्या. हर्निया बरा झाला, पण पुढच्या काही महिन्यांत त्या बाजूचं वृषण सुकलं. त्याचं लग्न ठरत होतं. मी त्याला समजावून सांगितलं, पण जाळी अपुरी होती हे सांगितलं नाही. केसपेपरवर जड कामच राहिलं.

पुढे बरीच वर्षं मी स्वस्ताईला दोष देत राहिलो: पैसे असते तर हे झालं नसतं. तीही सबब टिकली नाही. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. टोणगावकर साध्या मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हर्नियासाठी वापरत होते. २००३मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर त्यावर शोधनिबंधही छापला. २०१६मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये युगांडातला अभ्यास आला. तिथं पुरुषांच्या जांघेतल्या हर्नियाला मच्छरदाणीची जाळी आणि कंपनीची महागडी जाळी बसवून तुलना केली होती. वर्षभरानंतर दोन्हींचे निकाल जवळपास सारखे निघाले. म्हणजे नेटकी कापलेली मच्छरदाणी चालली असती. माझी विलायती जाळी उत्तमच होती, फक्त पुरेशी नव्हती.

वेदनांचं प्रकरण वेगळं. जांघेच्या त्या भागातून तीन नसा जातात. एखादी टाक्यात सापडली की माणूस महिनोन्‌महिने कळवळतो. जाळीनंतर साधारण दहा टक्के लोकांना अशी रेंगाळणारी वेदना राहते, हे आता सर्वमान्य आहे. तेव्हा मी अशांना "मनाचे खेळ आहेत" म्हणून परत पाठवायचो. त्यांतले काही दुसऱ्या सर्जनकडे गेले, ते बरं झालं.

आता मी शस्त्रक्रिया करत नाही. ओळखीचे लोक ऑपरेशनआधी सल्ला विचारतात, आणि पहिला प्रश्न जाळी कुठल्या कंपनीची घ्यावी हाच असतो. कंपनी कोणतीही असू द्या. सर्जनला विचारा, केवढी बसवणार आणि हाडाच्या पुढं किती जाणार. चांगला सर्जन या प्रश्नावर चिडत नाही. मी चिडलो असतो.